पुन्हा शनवार धरायचा म्हणताय? मग मनुकांपासून सुरुवात करा

दरवर्षी दारफळणीच्या सणानंतरच्या (योम किप्पूर, आपला यहुद्यांचा उपासाचा दिवस) आठवड्यात मला दोन-तीन फोन येतात. बोलणारा चाळिशीच्या आगेमागे असतो, आडनावाच्या शेवटी ‘कर’, आजोबा पेणचे नाहीतर अलिबागकडच्या एखाद्या गावचे. वर्षातून एकदा सिनेगॉगमध्ये आलेला असतो, मागच्या बाकावर बसून गेलेला असतो आणि आता विचारतो, “मला आपला धर्म, आपला शनवार नीट पाळायचाय, पण कुठून सुरू करू? मला हिब्रू वाचता येत नाही. कशेर-बिशेर (धर्मनियमाने खायला चालणारं) घरात काही नाही. बायको म्हणते, हे काय नवीन काढलंस?”

मी त्याच वाटेने आलो. वडील गेले तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, मराठी अक्षरांतल्या झेरॉक्सवरून वाचला. शेजारी उभा असलेला मिसरूडही न फुटलेला मुलगा तेच पाठ म्हणत होता, आणि मी अडखळलो की हळूच पुढचा शब्द देत होता. त्याच रात्री ठरवलं. म्हणून हे लिहितोय ते आपल्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली (कोकणातल्या यहुदी) घरांतल्या माणसांसाठी. मी हजान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा) नाही, रब्बी (धर्मशास्त्री) ही नाही. नियमांच्या बारकाव्यासाठी त्यांनाच विचारा. मी फक्त पायऱ्या सांगतोय, आणि मी कुठल्या पायरीवर घसरलो तेही.

वय झालं म्हणून लाजू नका

‘तेशुवा’ या हिब्रू शब्दाला लोक पश्चात्ताप म्हणतात. त्याचा मूळ अर्थ मात्र सरळ आहे, परत येणं. रब्बी अकिवा चाळीस वर्षांचे होईपर्यंत निरक्षर होते आणि लेकाबरोबर मास्तरांसमोर बसून पाटीवर आलेफ-बेथ शिकले, असं आपल्या परंपरेत सांगतात. तल्मूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, तर एक मत असं नोंदलंय की परत आलेला माणूस जिथे उभा राहतो तिथे जन्मभर नेमाने पाळणारालाही उभं राहता येत नाही. हे वाक्य मनात ठेवा, पण सिनेगॉगच्या अध्यक्षांना ऐकवू नका.

आधी घरात काय उरलंय ते लिहून काढा

एक वही घ्या. आजी काय करायची ते आठवेल तसं लिहा. आई-मावशा असतील तर त्यांना विचारा, आणि हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

माझ्या वहीत हे निघालं: झोपताना डोळ्यांवर हात ठेवून ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला (आत लिखित चर्मपट असलेल्या डबीला) बोटं लावून ती ओठांना लावणं. मटणाच्या रश्शात कायम नारळाचं दूध, दही कधीच नाही. कोळंबी घरात यायची नाही, पापलेट यायचं. शुक्रवारी संध्याकाळी काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. नवस फिटला की मलिदा. बिर्ड्याचा रोजा. मी हे सगळं ‘आजीच्या सवयी’ या खात्यात टाकलं होतं. नंतर नियम शिकायला लागलो तेव्हा कळलं, यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी मित्झवाची, म्हणजे धर्माज्ञेची, शेपटी आहे.

आपल्या पूर्वजांची गोष्ट तर ठाऊक असेलच. नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेलं गलबत, वाचलेली सात जोडपी, आणि मग कोकणात तेलाचा घाणा चालवणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’. पुस्तकं बुडाली, भाषा गेली, तरी शनवार, सुंता, शेमा आणि मासे एवढं उरलं. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक यहुदी आला आणि त्याने बायकांसमोर सगळ्या प्रकारचे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे वेगळे काढले, तेव्हा ही माणसं यहुदीच आहेत अशी त्याची खात्री पटली, असं सांगतात. तुमची वहीही तशीच टोपली आहे. तिच्यात जे सापडेल ते पहिल्यांदा पाळायला घ्या. ते हाताला ठाऊक असतं, म्हणून टिकतं.

शेमा, सकाळ-संध्याकाळ

पहिले तीन महिने एवढंच पुरे. सकाळी उठल्यावर आणि रात्री, आधी पहिली ओळ, मग पहिला परिच्छेद. देवनागरीत लिहिलेला चालेल. आपल्याकडे प्रार्थना मराठीत आणण्याचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, १८७४ साली पुण्यात चित्रांसह मराठीत छापली गेली आणि तिच्यातल्या चित्रांत भाकर करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. तेव्हा मराठी अक्षरांतून म्हणतोय म्हणून कमीपणा मानू नका.

पण तिथेच थांबूही नका. हिब्रूची अक्षरं बावीस. त्यांतल्या पाचांचं शब्दाच्या शेवटी रूप बदलतं. स्वर खाली-वर टिंबांनी दाखवतात, आपल्या काना-मात्रांसारखेच. रोज दहा मिनिटं दिली तर सहा महिन्यांत सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) बोट ठेवून वाचता येतो, अर्थ नंतर येतो. उच्चारांवरून गोंधळाल. शनवारला आपली जुनी माणसं ‘शब्बाथ’ म्हणतात, इस्राएलहून आलेला भाचा ‘शब्बात’ म्हणतो. तुम्ही ज्या सिनेगॉगमध्ये बसता तिथला हजान म्हणतो तसं म्हणा.

शुक्रवारची संध्याकाळ

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत) बसला की बाकीचं त्याच्या मागून येतं.

दिवा सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावायचा. मुंबई-ठाण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैत सव्वासातनंतर, म्हणजे खरी अडचण हिवाळ्यात. पाच चाळीसला घरात दिवा लागायचा तर अंधेरीच्या ऑफिसातून चारच्या आत निघावं लागतं. साहेबाला आधीच एकदा नीट सांगून टाका. दर शुक्रवारी नवं कारण काढलं की तुम्ही कामचुकार ठरता. “आमचा शनवार असतो, मी रविवारी सकाळी काम भरून काढेन” म्हटलं की बहुतेक लोक मान डोलावतात. आपल्या देशात उपास-तापास कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत, हा आपला मोठा फायदा.

पहिल्याच शुक्रवारी पंचवीस तास पाळायला जाऊ नका. मी गेलो होतो. फ्रिजचा दिवा, लिफ्ट, गीझर, दाराची बेल, सगळ्यांशी एकाच दिवशी भांडलो आणि शनिवारी दुपारी तीनला वैतागून क्रिकेटचा स्कोअर बघितला. मग एका वयस्कर गृहस्थांनी वाट दाखवली: पहिल्या महिन्यात फक्त दिवा, किद्दुश (द्राक्षरसाच्या पेल्यावर म्हणायचा आशीर्वाद) आणि जेवण, आणि तेवढे दोन तास फोन कपाटात. दुसऱ्या महिन्यात फोन रात्रभर कपाटात. मग शनिवारची सकाळ. मनाई असलेली कामं मोजून एकोणचाळीस आहेत, त्यांची यादी या टप्प्यावर वाचायला घ्या, आधी नको.

आता किद्दुशचं. द्राक्षारस नाही म्हणून अडून बसू नका. आपल्या घरांत मनुकांचं शरबत असायचं. गुरुवारी रात्री बिनबियांच्या काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, मूठभर मनुकांना साधारण पेलाभर पाणी. मांसल घ्या, वाळून कडकडीत झालेल्या नकोत, कारण दाबल्यावर त्यांतून रस निघायला हवा. शुक्रवारी दुपारी त्याच पाण्यात मिक्सरला फिरवून पांढऱ्या फडक्यातून पिळून घ्यायच्या. रंग गडद कोकमासारखा येतो. साखर घालायची नाही. हे पिळणं सूर्यास्ताआधीच उरकायला हवं, कारण पिळणं हे त्या एकोणचाळिसांत मोडतं. माझी आई अजून गाळलेला चोथा टाकत नाही, रविवारच्या शिऱ्यात घालते.

पावाचं म्हणाल तर दोन आख्खे पाव किंवा दोन आख्ख्या चपात्या रुमालाखाली झाकून ठेवायच्या. इथे कोकणी माणूस हमखास चुकतो: तांदळाच्या भाकरीवर ‘हामोसी’ (पावावरचा आशीर्वाद) म्हणत नाहीत, ज्वारी-बाजरीच्या भाकरीवरही नाही. त्याला गहू किंवा तोरातल्या (आपल्या धर्मग्रंथातल्या) पाच धान्यांतलंच एखादं लागतं.

शनिवारी रात्री आकाशात तीन चांदण्या दिसल्या की हावदाला, म्हणजे शनवारला निरोप. पावसाळ्यात चांदण्या कुठल्या दिसायला, तेव्हा पंचांग बघा. दोन वातींच्या ज्योती एकत्र धरल्या तरी चालतात. सुवासासाठी चार लवंगा पुरतात.

स्वयंपाकघर: इथे घाई कराल तर भांडण होईल

माझ्याकडे झालं. तेशुवाच्या चौथ्या महिन्यात, नुकतंच काहीबाही वाचलेलं डोक्यात होतं, मी आईची तीस वर्षांची बिडाची कढई ‘चालणार नाही’ म्हणून गॅलरीत काढून ठेवली. त्यात एकदा चीज वितळवलं होतं आणि नंतर मटण केलं होतं, एवढाच तिचा गुन्हा. आई काही बोलली नाही. त्या शुक्रवारी तिने दिवा लावला, पण जेवायला बसली नाही. नंतर हजानने विचारलं, “दहा आज्ञांत आईबापाची आज्ञा कितवी आहे?” पाचवी. आणि ती कढई उकळत्या पाण्यात शास्त्राप्रमाणे शुद्ध करता आली असती. मातीची असती तर प्रश्न होता.

तेव्हा क्रम असा धरा. पहिल्यांदा सरळ निषिद्ध गोष्टी थांबवा: डुक्कर, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, कालवं, माकुल. मोरी आणि वामही नाही. पापलेट, सुरमई, रावस, बांगडा आहेतच, कोकणातल्या माणसाची उपासमार होत नाही. बाजारात शंका आली तर कोळिणीला मासा कापायच्या आधी खवले दाखवायला सांगा. ती हसेल, पण दाखवेल.

मग मांस आणि दूध वेगळं करा. मटणाला दही लावणं बंद, बिर्याणीवर तूप बंद, मटणाच्या जेवणानंतर चहा काळा. नारळाचं दूध आपल्याकडे आहेच, त्यामुळे इराणमधून किंवा युरोपातून आलेल्या यहुद्यांपेक्षा आपल्याला हे फार सोपं जातं. मटणानंतर दुधाचं खाण्याआधी किती तास थांबायचं याबद्दल घराघरांत फरक असतो, सहा तास हा बराच रूढ आकडा.

कशेर मांस सगळीकडे मिळत नाही. आपल्याकडे बऱ्याचदा हजानच शोहेतही (नियमाने जनावर कापणारा) असतो, आधी फोन करून ठरवावं लागतं. कापल्यानंतर रक्त काढायचं काम पूर्वी घरातच व्हायचं: अर्धा तास पाण्यात, मग जाड मीठ लावून तासभर उतरत्या पाटावर, मग तीनदा धुणं. काळीज मात्र मिठाने भागत नाही, आगीवर भाजावंच लागतं. हे एकदा जाणत्या बाईच्या शेजारी उभं राहून शिका. वाचून येत नाही.

ज्यांना हे जमणारं नाही ते माझ्या ओळखीतले बरेचजण बाहेर शाकाहारी झाले आणि मांस फक्त सणाला, खात्रीच्या ठिकाणचं. हिरव्या ठिपक्याच्या देशात हा मार्ग सोपा आहे. पण हिरवा ठिपका म्हणजे कशेर असं समजू नका. फ्लॉवर आणि पालेभाजीतली कीड आपल्या नियमाने मोठा दोष आहे, मिठाच्या पाण्यात बुडवून, उजेडात धरून बघावी लागते. अंडं आधी वाटीत फोडायचं, रक्ताचा ठिपका असेल तर टाकायचं.

भांडी दोन जोड करायची वेळ शेवटी येते. धातूची आणि काचेची नवी भांडी वापरण्याआधी मिक्वेत, म्हणजे शुद्धीच्या पाण्यात, बुडवतात, आणि समुद्र हा मिक्वेच आहे. मुंबईकरांना याहून काय हवं? ओहोटीला खडकावर जाऊ नका, भांडं हातातून सुटतं. माझं एक पातेलं अजून अरबी समुद्रात कशेर होतंय.

दहावा माणूस

घरात कितीही पाळलं तरी कद्दीश, तोरावाचन आणि बऱ्याच गोष्टींना मिन्यान लागतो, दहा प्रौढ पुरुष. २०११ च्या जनगणनेत सबंध देशात सगळे यहुदी मिळून ४,६५० होते, तेव्हा आठवड्याच्या दिवशी दहा जमणं हे कित्येक ठिकाणी कष्टाचं काम आहे. याचा नवख्याला उपयोग होतो. तुम्हाला काही येत नसलं तरी तुम्ही ‘दहावे’ असता, आणि दहाव्याला कुणी परीक्षा घेऊन आत घेत नाही.

कुठे जायचं? मांडवीचं शार हाराहामिम हे आपलं सगळ्यात जुनं, सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलेलं. मस्जिद स्टेशनचं नाव त्याच ‘जुन्या मशिदी’वरून पडलं असं आपल्यात सांगतात. ठाण्याचं शार हाशामाईम १८७९ चं. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा इथेही आहेत. पुण्यात रास्ता पेठेत आपलं, आणि कॅम्पातलं ‘लाल देऊळ’ बगदाद्यांचं. पहिल्यांदा जाण्याआधी फोन करा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. २००८ नंतर दारावरची चौकशी कडक आहे, तिचा राग मानू नका.

आत गेल्यावर डोकं झाका, मागे बसा, पान चुकलं तर शेजाऱ्याला विचारा. प्रार्थनेनंतर सगळे एकमेकांकडे वळून दोन्ही हातांत हात देतात आणि बोटं ओठांना लावतात. ही आपली हातबोशी. अगदी परकं वाटत असलं तरी या वेळी पळ काढू नका. मी पहिल्या वर्षी चप्पल घालायच्या निमित्ताने दोनदा पळालो होतो.

वर्ष कसं मोजायचं

हिब्रू पंचांग चांद्र आहे आणि एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरतं, म्हणून ते आपल्या मराठी पंचांगाच्या बरोबरीने चालतं. जुन्या नावांनी सण लक्षात ठेवा. नव्याचा सण म्हणजे रोश हाशाना; त्याला चिकाचा हलवा, गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवून. दारफळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, दारं लावून घेण्याचा दिवस, पांढरे कपडे, पाण्याचा थेंबही नाही. तो बऱ्याचदा दसऱ्याला चिकटून येतो; २०२५ साली दोन्ही २ ऑक्टोबरलाच होते आणि शेजारचे काका आपट्याची पानं घेऊन आले तेव्हा मी कोरड्या तोंडाने शुभेच्छा दिल्या. मधुमेह असेल, गर्भारपण असेल, तर उपास धरण्याआधी डॉक्टर आणि हजान दोघांशी बोला. जीव वाचवणं उपासाच्या वर आहे, हाही नियमच आहे. दुसऱ्या दिवशी शिळा सण.

पुरीमला आपले लोक होळीचा सण म्हणायचे, कारण तो त्याच पौर्णिमेच्या आसपास पडतो. आव महिन्याच्या नवमीला जेरुसलेमच्या देवळाच्या विध्वंसाचा उपास, तो सोडताना वालाचं बिरडं, म्हणून बिर्ड्याचा रोजा. पहिल्या वर्षी वाल भिजवायला विसरू नका, मोड यायला दोन दिवस लागतात आणि सोलायला सगळं घर.

पेसाह, आपला अनशी डाकाचा सण, हा नवख्यासाठी सगळ्यात दमवणारा. पाव, बिस्किटं, रवा, शेवया, बिअर घराबाहेर. एक गोष्ट सगळे विसरतात, हिंगाची डबी. बाजारच्या बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. तांदूळ मात्र आपण खातो. कुणी युरोपीय पाहुणा भात बघून डोळे विस्फारील, त्याला वाढू नका, पण आपलं ताट उचलू नका.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, सुका मेवा, भोवती फळं, मध्ये एलियाहू हानाबीचं (एलिया पैगंबराचं) गाणं. बाहेरचे लोक कधी कधी विचारतात, हे कुठल्या ग्रंथात आहे? माझं मत असं की फळांवरचे आशीर्वाद त्यात क्रमाने म्हटले जातात, नाव देवाचंच घेतलं जातं, मग ताट आपलं आहे यात बिघडलं काय? खंडाळ्यातल्या ‘एलियाहू हानाबीच्या टाप्या’वर, त्याच्या खुणा सांगतात त्या खडकावर, एकदा जाऊन या; हे खंडाळा घाटातलं नव्हे, अलिबागपासून लांब नाही.

कागदपत्रं आणि घरचे

आईवडिलांचा केथुबा (लग्नाचा करारपत्र) शोधून ठेवा, आजीआजोबांचाही. इस्राएलला जायचं नसलं तरी. १९६१ नंतर तिथे रब्बींनी आपल्या लग्नांबाबत शंका काढली होती, १९६४ साली सरकारने आपल्याला सर्वार्थाने यहुदी ठरवलं, पण मधली वर्षं लोकांनी कागदांच्या जोरावर काढली. आई यहुदी नसेल तर पारंपरिक नियमाने तुमची वाट परत येण्याची नव्हे, धर्मांतराची आहे. ती लांब आहे, बेथ दिनसमोर, म्हणजे रब्बींच्या न्यायसभेसमोर, जाते, आणि हे शेवटी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मेझुझा विकत घेताना नक्षीदार डबीवर पैसे उडवू नका. आतला चर्मपट हाताने लिहिलेला हवा; छापील कागद असेल तर ती नुसती डबी. आत जाताना उजव्या बाजूला, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या तळाशी. सात वर्षांत दोनदा तपासून घ्यायची. तेफिलीनची (प्रार्थनेला हातावर-कपाळावर बांधायच्या चामड्याच्या डब्या) घाई नको, महाग असतात; आधी हजानचे बांधून बघा. शनवारी आणि सणांना ते घालत नाहीत.

बायको किंवा नवरा बरोबर नसेल तर? दिवा तुम्ही लावा, शरबत तुम्ही गाळा, भांडी तुम्ही घासा. माझी बायको पहिले सात महिने किद्दुशच्या वेळी टीव्हीसमोरच असायची. मग एका गुरुवारी रात्री मी कामावरून उशिरा आलो, दमलो होतो, तसाच झोपलो. सकाळी ओट्यावर पातेल्यात मनुका भिजत होत्या, वर ताटली झाकलेली.